पेशंटशी बोलल्याने डॉक्टरचा थकवा उतरतो का? (मला वाटतं हो, शिव्या चालतील)

रात्रपाळी_मेडिसिन: मुंबईतल्या एका म्युन्सिपल हॉस्पिटलात सेकंड इयर रेसिडेंट आहे. परवा आम्हाला स्ट्रेस मॅनेजमेंटचं लेक्चर दिलं, प्राणायाम करा, डायरी लिहा, पाणी प्या. निम्मे जण मागच्या बाकांवर घोरत होते, झाला असेल तर तेवढाच फायदा. मला बरं वाटलं ते भलत्याच गोष्टीने. १२ नंबर बेडवर एक आजोबा, पूर्वीचे गिरणी कामगार, रक्त घ्यायला गेलं की खेकसायचे. एका रात्री ३ वाजता जागेच दिसले म्हणून विचारलं झोप नाही का, तर म्हणे म्हातारी एकटीये घरी, चाळीतला संडास लांब, जिन्यात दिवा नाही, पडली बिडली तर कळणार कोणाला. मी स्टूल ओढून बसलो पाच मिनिटं. सकाळी हात त्यांनीच पुढे केला. ३० तास झाले होते ड्युटीला, पण खूप दिवसांनी असं वाटलं की आपण डॉक्टर आहोत, फॉर्म भरणारे कारकून नाही.

जुना_सर्जन: गोष्ट गोड आहे, निष्कर्ष चुकलाय. ३० तास हे तू जाता जाता लिहिलंस बघ. केंद्र सरकारचं १९९२ चं पत्रक आहे, सलग १२ तासांच्या वर नको, आठवड्याला साधारण ४८. आणि २०२४ मध्ये एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) टास्क फोर्सने काय सुचवलं, जास्तीत जास्त ७४! ३२ वर्षांत आकडा उलटा वर गेला. डब्ल्यूएचओसुद्धा बर्नआउटला, म्हणजे कामाने पार पिचून जाण्याला, आजार म्हणत नाही, कामाच्या जागेतून येणारी गोष्ट म्हणते. तुम्ही असे आजोबांचे किस्से सांगता आणि प्रशासन खुश, बघा पोरं आनंदात आहेत.

भांडुपची_लेक: सर, आमचे बाबा गेले त्या रात्री चार तासांत आमच्याशी कोणी एक वाक्य बोललं नाही. कॅज्युअल्टीबाहेर बोर्ड तेवढा होता, डॉक्टरवर हात उचलाल तर तीन वर्षं कैद, ५० हजार दंड. हॉस्पिटल आमच्याशी जे काय बोललं ते एवढंच. झोप झाली नव्हती हे कळतं हो, पण "सिरियस आहेत, बसून घ्या" म्हणायला किती तास झोप लागते?

जुना_सर्जन: ताई, तो कायदा २०१० चा, मारहाणी होत होत्या म्हणूनच आणावा लागला. तुमचं दुःख खरंय. पण तेव्हा आत एक पोरगा तिघांना सांभाळत असेल तर त्याने बाहेर यायचं कधी?

वॉर्डातली_सिस्टर: दोघांनाही एक विचारते. २२ वर्षं वॉर्डात आहे. जीव लावला की तो बेड सकाळी रिकामा दिसतो तेव्हा काय करायचं? आमच्याकडे चादर बदलतात आणि पुढचा पेशंट घेतात. नवीन हाउसमन (ज्युनिअर डॉक्टर) बाथरूममध्ये जाऊन रडतात, मावशी चहा आणून देते, झालं काउन्सेलिंग. म्हणून मी हल्ली नावं पाठ करत नाही. बेड नंबर बरा.

रात्रपाळी_मेडिसिन: सिस्टर, हे वाचून गप्पच झालो, मी पण वर १२ नंबरच लिहिलंय, नाव नाही. सर, तासांचं १०० टक्के मान्य, पण ४८ तास मिळेपर्यंत मी मधल्या काळात काय करू ते सांगा ना.

जुना_सर्जन: झोप. स्टूलवर बसलास ती पाच मिनिटं झोपायला हवी होती.

भांडुपची_लेक: नाही पटलं.