'निन्जा स्क्रोल': लढती अजून ताज्या, पण कागेरोचं काय?

भिंगरी
परवा 'निन्जा स्क्रोल' हा जपानी अ‍ॅनिमेशनपट पुन्हा पाहिला. (शेवट फोडते आहे, न पाहिलेल्यांनी इथूनच मागे फिरा.) १९९३ चा, मॅडहाउस स्टुडिओचा, दिग्दर्शक योशिआकी कावाजिरी. तोकुगावा काळातलं कारस्थान, सोन्याने भरलेलं जहाज, आठ राक्षसी निन्जा आणि त्यांच्या वाटेत आलेला भटका तलवारबाज जुबेई. हाताने रंगवलेल्या त्या निळ्या रात्री बघताना आजही डोळे निवतात, त्याबद्दल वाद नाही.

तक्रार कागेरोबद्दल आहे. मोचिझुकी घराण्याच्या कारभाऱ्याचं अन्न चाखून बघणारी ही निन्जा. विष पचवून पचवून तिचं अंगच विषारी झालंय, तिच्याशी सलगी करील तो मरेल. एवढी जबरदस्त कल्पना हाताशी असताना सिनेमा तिला सुरुवातीलाच त्या आठांपैकी दगडी अंगाच्या तेस्साईच्या तावडीत देतो आणि कॅमेरा तिथे नको तितका रेंगाळतो. शेवटी ती मरताना जुबेईला जवळ घेते आणि त्याच्या अंगातलं विष उतरतं. म्हणजे बाईची उगाळून द्यायची मात्रा केली! मला सिनेमा आवडतो, म्हणूनच जास्त चिडचिड होते.

लाकडी_तलवार
मात्रा करणारा दाकुआन आहे, सिनेमा नव्हे. तो सरकारी हेर थेरडा जुबेईला आधी विष देतो, उताऱ्याचं आमिष दाखवून कामाला जुंपतो, आणि उतारा कागेरोच्या अंगात आहे हे सांगतो केव्हा, तर वेळ संपत आल्यावर. कागेरो स्वतःहून तयार होते, पण जुबेई नाही म्हणतो. मरण दारात उभं असताना! आख्ख्या सिनेमात तिला हत्यार न समजणारा हा एकटाच. आणि तेस्साईचं दगडी कातडं मऊ पडतं ते तिच्याच विषाने. म्हणजे त्याला मारलं कोणी?

भिंगरी
म्हणजे तिच्यावर जबरदस्ती झाली, तोच तिचा पराक्रम? तुम्हीच पुन्हा वाचा काय लिहिलंय ते.

झणझणीत
मारामारीचा सिनेमा आहे हो, कीर्तन नाही.

तिसरी_घंटा
विषकन्या म्हटलं की मला 'मुद्राराक्षस' हे संस्कृत नाटक आठवतं. राक्षस नावाच्या अमात्याने चंद्रगुप्तासाठी पाठवलेली विषकन्या चाणक्य पर्वतकाकडे वळवतो. काम फत्ते, आणि त्या पोरीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. त्यामानाने कागेरोला नाव आहे, मन आहे, रागही आहे. पण भिंगरी, ही कल्पना मुळात कावाजिरीची नाहीच. फुतारो यामादाच्या १९५० च्या दशकाअखेरीच्या कादंबरीत इगा आणि कोगा या निन्जा घराण्यांचे दहा-दहा वीर एकमेकांना भिडतात, प्रत्येकाची विद्या निराळी. त्यातही एक कागेरो आहे, मनात वासना जागी झाली की तिचा श्वास विषारी होतो. नाव उचललं, विष उचललं, आणि बाईकडे बघायची जुनी नजरही त्याच गाठोड्यातून आली, असं माझं मत.

कंदील
भांडा तुम्ही, मी अजून बांबूच्या बनातच आहे. आठांतला आंधळा मुजुरो फक्त कानावर लढतो आणि जुबेईला पुरता जेरीस आणतो. आता संपलाच म्हणेपर्यंत मुजुरोचा वार बांबूत रुतलेल्या खंजिरावर अडतो. खंजीर हलत नाही, आवाज करत नाही, म्हणून त्याला तो कळतच नाही. काय सुचलंय! मुशिझोचंही तसंच. कुबडात गांधीलमाश्यांचं पोळं वागवणारा गडी, पाण्यात खेचल्यावर त्याच माश्या त्याच्यावर उलटतात. नुसत्या ताकदीवर इथे भागत नाही. ज्याची जी विद्या, तिच्यातच त्याचं मरण. आता भिंगरीताई, बनातला तो खंजीर कोणाचा? कागेरोचाच ना?

भिंगरी
कंदीलकाका, तिचा नेम मुजुरोने उडवून लावला म्हणून तो बांबूत बसला. तिथेही बिचारीच्या वाट्याला अपघातच! बाकी बनाबद्दल शंभर टक्के सहमत, तो प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला.

लाकडी_तलवार
बरं, हे घ्या. 'मॅट्रिक्स'वाल्या वाचोव्स्कींना हा सिनेमा इतका आवडला होता की २००३ च्या 'अ‍ॅनिमॅट्रिक्स' या अ‍ॅनिमेशन लघुपटांच्या संग्रहात त्यांनी कावाजिरीलाच बोलावलं. त्याच्या 'प्रोग्रॅम' या लघुपटात सामुराई वेशातली लढवय्यी बाईच नायिका आहे. माणूस दहा वर्षांत शिकला म्हणायचं का?

भिंगरी
पाहिलाय. सगळी झुंज म्हणजे तिची परीक्षा होती हे कळल्यावर ती परीक्षा घेणाऱ्याच्या तोंडावर गुद्दा ठेवून देते. कागेरोने दाकुआनला तसा एकच ठेवून दिला असता, तर मी हा धागा काढलाच नसता.