चिआंग माईत राहून दूरस्थ काम : आपले अनुभव लिहा

थायलंडने जुलै २०२४ मध्ये ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ सुरू केल्यापासून लॅपटॉप घेऊन उत्तर थायलंडमधल्या चिआंग माई शहरात जाऊन राहावे, असे म्हणणारी मराठी मंडळी माझ्याच ओळखीत बरीच झाली आहेत. पाच वर्षांची मुदत, प्रत्येक प्रवेशाला १८० दिवसांचा मुक्काम, बँकेत पाच लाख बाट दाखवण्याची अट आणि थाई कंपनीसाठी काम न करण्याचे बंधन, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्यापुढे घरमालक, हवा, जेवण आणि कर यांचे काय होते, ते तिथे राहिलेल्यांनीच सांगावे. दोई सुथेपचे मंदिर किती सुंदर आहे हे कृपया कोणी लिहू नये. ते सुंदरच आहे.

पुणे, सॉफ्टवेअर चाचणी

माझी कंपनी पुण्याची आहे आणि थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, त्यामुळे दहाची मीटिंग तिथे साडेअकराला येते आणि सबंध सकाळ हाताशी राहते. ऐकताना हा लाभ क्षुल्लक वाटतो, पण मी तिथे टिकलो तो त्याच्याच जोरावर. आमच्या इमारतीत न्यूयॉर्कच्या वेळेवर काम करणारे काही जण होते. त्यांचे ऑफिस रात्री आठ-नऊला सुरू होई, दुपारपर्यंत पडदे ओढलेले असत आणि शहराची गाठ पडे ती शनिवार-रविवारीच.

निम्मानहेमिन रस्त्याच्या आसपास सगळे परदेशी राहतात आणि भाडीही त्याच हिशेबाने चढलेली असतात, म्हणून मी सान्तितामच्या गल्ल्यांत घर घेतले. दोन महिन्यांचे भाडे अनामत आणि एक महिन्याचे आगाऊ, ही तिथली सर्रास पद्धत आहे. करारावर सही करण्यापूर्वी विजेचा दर अवश्य विचारावा, कारण काही इमारतींत बिल थेट वीजमंडळाचे येते, तर काहींत मालक स्वतःच्या दराने युनिट लावतो, आणि एप्रिलमध्ये एसी रात्रभर चालू लागला की या दोहोंतला फरक डोळ्यांत भरतो.

दुसरा प्रश्न ‘टीएम ३०’चा विचारावा. परदेशी भाडेकरू राहायला आल्याची नोंद घरमालकाने २४ तासांत इमिग्रेशनकडे करायची असते, आणि ती पावती नसली तर पुढे मुदतवाढीच्या वेळी खिडकीवरून अत्यंत हसतमुखाने परत पाठवले जाते. माझ्या घरमालकीणबाई ‘माई पेन राई’, म्हणजे काही बिघडत नाही, असे म्हणून रोज दुसऱ्या दिवसावर ढकलत राहिल्या. शेवटी इमारतीच्या कार्यालयात बसणाऱ्या मुलीने त्यांच्याकडून घराचे कागद मागवून घेतले, तिच्या फोनवर अर्ज भरला आणि निघालेल्या पावतीची छापील प्रत माझ्या हातात ठेवली. ती प्रत मी पुढे पासपोर्टपासून कधी वेगळी केली नाही.

नाशिक, अनुवादक

फेब्रुवारी ते एप्रिल या काळाबद्दल कोणी गोड बोलून दिशाभूल करू नये. मक्याची काढणी झालेली शेते पेटवली जातात, डोंगरात वणवे लागतात, म्यानमार आणि लाओसकडूनही धूर येतो, आणि शहर डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात असल्यामुळे थंड हवेवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसून तो सगळा खालीच कोंडतो. मार्च महिन्यात जगातील सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत चिआंग माई अनेकदा पहिल्या क्रमांकावर आलेले आहे. एरवी माझ्या गॅलरीतून समोर दिसणारा १,६७६ मीटर उंचीचा दोई सुथेप डोंगर त्या दिवसांत तिथे आहे की नाही अशी शंका यावी, इतका पुसला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने पीएम २.५ म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी २४ तासांची मर्यादा दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम सांगितली आहे. आमच्याकडे आकडा शंभराच्या आत आला की शेजारी ‘आज बरी आहे’ असे म्हणून दुचाकी बाहेर काढीत. मला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे खोलीच्या मापाचे हवाशुद्धी यंत्र घेतले आणि खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली. नव्या यंत्राचा पांढराशुभ्र फिल्टर काही आठवड्यांतच चहाच्या गाळणीच्या रंगाचा झाला आणि हाताला काळसर भुकटी लागू लागली, तेव्हा मी सामान बांधून दक्षिणेला हुआ हिनला गेलो. आपल्याला असे उठून जाता येते. खाओ सोईची, म्हणजे रस्सेदार नूडल्सची, गाडी लावणाऱ्या बाईंना जाता येत नाही, हे तिथल्या परदेशी गप्पांत क्वचितच कोणाच्या मनात येते. सगळा राग शेतकऱ्यावर काढला जातो आणि तो मका पशुखाद्यासाठी विकत घेणाऱ्यांचा उल्लेखही होत नाही.

कोल्हापूर, ऑनलाइन शिकवणी

शाकाहारी मंडळींना ‘तिथे उपाशी मराल’ असे सांगितले जाते, ते खरे नाही. मात्र भाजीतही माशाचा सॉस पडतो, म्हणून नुसते ‘मांस नको’ सांगून भागत नाही. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरात ‘जे’ लिहिलेली दुकाने शोधावीत. तिथे मांस, मासे, अंडी आणि दूध यांच्याबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो. माझ्या सासूबाई चातुर्मासात आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांच्या जेवणाची मला फार काळजी होती, पण कोपऱ्यावरच्या अशा दुकानात त्या टोफूची आमटीसारखी काहीतरी भाजी भातावर घेऊन निश्चिंत जेवू लागल्या आणि दुकानदारीणबाईंशी मराठीतच बोलू लागल्या. दह्याची तेवढी त्यांनी आठवण काढली.

ठाणे, ग्राफिक डिझाइन

कराविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. थायलंडमध्ये एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिले की तुम्ही तिथले करनिवासी ठरता, आणि १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेले परदेशी उत्पन्न त्या देशात आणले तर ते करपात्र होऊ शकते. आपले आर्थिक वर्ष मात्र एप्रिलला सुरू होते आणि भारतात दिवसांचा हिशेब त्यानुसार होतो, त्यामुळे एकच मुक्काम दोन वेगवेगळ्या चौकटींत मोजावा लागतो. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, तरीही निघण्यापूर्वी सीएकडे जाऊन पासपोर्टवरच्या शिक्क्यांसह बसावे.

पैशांचे रोजचे व्यवहार हा आणखी एक त्रास आहे. भाजीवालीपासून सगळीकडे प्रॉम्प्टपे या थाई पेमेंट सेवेचा क्यूआर कोड लावलेला असतो, पण त्यासाठी सहसा थाई बँकेचे खाते लागते आणि आपल्यासारख्यांना ते सहजासहजी मिळत नाही. एटीएममधून परदेशी कार्डाने पैसे काढले की प्रत्येक वेळी २२० बाटच्या आसपास शुल्क कापले जाते, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढणे परवडते. भारतीय सिमकार्ड रोमिंगसह चालू ठेवावे, नाहीतर बँकेचा ओटीपी येत नाही आणि स्वतःच्याच पैशांना हात लावता येत नाही.

नागपूर, व्हिडिओ संपादन

दुचाकीबद्दल थोडे. जुन्या शहराभोवतीच्या खंदकाच्या कडेने पोलीस वरचेवर परवाने तपासतात, आणि नुसता भारतीय परवाना तिथे पुरत नाही; आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा आणि त्यावर मोटारसायकलचा वर्ग नोंदलेला आहे ना, ते पाहावे. माझा मित्र ओल्या वळणावर घसरला आणि त्याचे मनगट मोडले. त्याच्या परवान्यावर केवळ चारचाकीची नोंद होती, एवढ्या कारणावरून विमा कंपनीने दावा फेटाळला आणि रुग्णालयाचे सगळे बिल त्याला स्वतः भरावे लागले. तेव्हापासून तो लाल सोंगथेवने, म्हणजे शेअर टॅक्सीसारख्या चालणाऱ्या पिकअप गाडीने, फिरतो आणि चालकाशी भाड्याची घासाघीस थाईत करतो.