बीट एकरकमी विकायचा की हिस्सा ठेवायचा? कोल्हापुरातल्या प्रोड्युसरांसाठी चर्चा

घुमकं_८०८
कोल्हापुरात राहून हिप-हॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्यांना माझं थेट सांगणं आहे: बीट, म्हणजे रॅपखालचं तयार संगीत, एकरकमी विकू नका. रॅपर पाच हजार देतो, 'सगळे हक्क आमचे' असा मेसेज टाकतो आणि आपण स्टेम्स (प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल) पाठवून मोकळे होतो. पण हक्क असे जात नाहीत. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क समोरच्यानं वर्षभर वापरला नाही आणि करारात वेगळं काही नसेल, तर तो आपल्याकडे परत येतो. 2012च्या दुरुस्तीनंतर तर संगीतकाराला रॉयल्टीतला आपला हिस्सा सोडूनच देता येत नाही. तसं लिहून दिलं तरी ते टिकत नाही.

म्हणून गाणं रेकॉर्ड व्हायच्या आधी कागद करा. शब्द 50 टक्के, संगीत 50 टक्के. दोघांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्या आणि नोंद करताना दोघांचे आकडे एकच ठेवा. एकानं 50 लिहिले, दुसऱ्यानं 70, की बेरीज 120 होते आणि पैसे अडकतात.

तालीम_मंडळ
भावा, कायदा बरोबर सांगितलास, हिशोब चुकतोय. 2024 पासून स्पॉटिफायवर मागच्या 12 महिन्यांत 1,000 स्ट्रीम झाले नाहीत तर त्या रेकॉर्डिंगचे पैसेच निघत नाहीत. नवीन पोरांची किती गाणी तिथवर जातात? शून्याचा निम्मा शून्यच की.

इथं रोख मिळते ती मंडळाच्या गाण्याला, लग्नाच्या एन्ट्रीला, दुकानाच्या जाहिरातीला, निवडणुकीच्या प्रचाराला. त्याची शिस्त पाळा. निम्मे पैसे आधी. ऐकायला पाठवाल ती एमपी3, मध्ये मध्ये आपल्या नावाचा आवाज टाकलेली. दुरुस्त्या दोनच, तिसरीचे वेगळे पैसे. स्टेम्स पूर्ण रक्कम आल्यावरच: 24 बिट वेव्ह, सगळ्या फायली पहिल्या मात्रेपासून सुरू, नावात बीपीएम (मिनिटाला किती ठोके) आणि पट्टी. एवढं पाळलं तर महिना निघतो. हिस्सा मागत बसलात तर मंडळ दुसऱ्याकडं जातंय.

आणि आपल्याकडं जे आहे ते लूप पॅकमध्ये (तयार आवाजांच्या संचात) सहसा मिळत नाही: हलगी, घुमकं, कैताळ ही आपली वाद्यं. तेच विका.

लो_एंड
दोघांनाही एक विचारतो, ते गाणं डॉल्बीवर नीट वाजतंय का? इथले बहुतेक जण 10 बाय 10 च्या खोलीत काम करतात. 10 फूट म्हणजे 3.05 मीटर, म्हणून साधारण 56 हर्ट्झला खोली घुमते. लांबी-रुंदी सारखी असल्यानं दोन्हीकडून तीच वारंवारता, आणि स्लॅबही 10 फुटांवर असला तर तिसऱ्यांदा. 808चा (हिप-हॉपमधला खोल बास) खालचा ए सूर 55 हर्ट्झचा. पण हे घुमणं भिंतींपाशी जोरात असतं, खोलीच्या मध्यावर बसलात तर तो सूर जवळजवळ ऐकूच येत नाही. मग तुम्ही तो वाढवता, आणि गाडीत नुसता गुरगुराट. खुर्ची पुढच्या भिंतीपासून पावणेचार फुटांच्या आसपास घ्या आणि कोपऱ्यांत 4 इंच जाडीचं रॉकवूल उभं करा. अंड्यांचे ट्रे लावून बास अडत नाही.

दुसरं, 120 हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो (डावीकडं-उजवीकडं एकच आवाज) ठेवा. बास रुंद केलात की मोनोवर डावं-उजवं एकमेकांना खातं आणि मिरवणुकीत 808 गायब. कच्चं काम दिलं तर एकरकमी काय आणि हिस्सा काय, दुसऱ्यांदा कुणी येणार नाही.

घुमकं_८०८
@लो_एंड, खोलीचं पूर्ण मान्य.

@तालीम_मंडळ, हलगीचं नाव काढलंस ते बरं झालं. हलगीवाल्याला बोलावून तासभर वाजवून घ्यायचं, हातावर काहीतरी टेकवायचं, आणि तोच आवाज दहा गाण्यांत. त्याची सही कुठं आहे? कलावंताचा हक्क कायद्यात 50 वर्षांचा आहे आणि व्यापारी वापरात त्याला रॉयल्टी धरलेली आहे. आपल्याला रॅपरनं जसं वागवू नये असं वाटतं, तसं आपण त्याला वागवतो.

तालीम_मंडळ
हे मनाला लागलं, आणि बरोबर आहे. सही घ्यायला हवी, नावही द्यायला हवं.

फक्त रेकॉर्डिंगचं सांगतो, तिथंही हेळसांड होते. हलगी शेकल्यावर कातडं ताणतं आणि गार होईल तसा आवाज उतरतो. म्हणून शेकून लगेच घ्या आणि मध्ये थांबून पुन्हा शेकू द्या, नाहीतर पहिला आणि शेवटचा टेक जुळत नाहीत. माइक तीन-चार फूट लांब, पीक उणे 12 डीबीच्या आत. नंतर सॉफ्टवेअरमधल्या तालाच्या ग्रीडला शंभर टक्के चिकटवू नका, लयीचा झोल मरतो. सहा मात्रांची चाल 140 बीपीएमच्या ट्रॅपवर (हिप-हॉपचा एक प्रकार) बसवायची असेल तर हायहॅट (झांजेचा बारीक आवाज) ट्रिपलेटमध्ये, म्हणजे तीन-तीनच्या गटात ठेवा, हलगी ओढू नका.

पण मंडळाकडून हिस्सा मागायचा, हे मला अजूनही पटत नाही.

रंकाळा_रात्र
मंडळाकडून मागूच नका, तिथं एकरकमी आणि कागदावर 'याच मंडळाच्या वापरासाठी, इतक्या मुदतीसाठी' अशी ओळ. रॅपरकडून मात्र हिस्सा. एकच दर सगळ्यांना लावायचा हट्ट कशाला?

कंटेंट आयडीबद्दल, म्हणजे यूट्यूबवर सारखा आवाज आपोआप पकडणाऱ्या यंत्रणेबद्दल, कुणी बोललं नाही. एकच बीट चार जणांना भाड्यानं दिलात आणि त्यातल्या एकानं गाणं कंटेंट आयडीला लावलं, तर उरलेल्या तिघांच्या व्हिडिओवर क्लेम येतो आणि शिव्या तुम्हाला. तयार लूप वापरला असेल तरी तेच, कारण तो लूप हजारोंकडे असतो. भाड्याच्या करारात 'कंटेंट आयडीला लावायचं नाही' हे ठळक लिहा.

घुमकं_८०८
@रंकाळा_रात्र, मंडळापुरतं मान्य. पण मुदत 1 वर्षाची धरा, पुढच्या गणपतीला पुन्हा बोलणी. आणि त्या कागदावर हलगी, घुमकं, कैताळ वाजवणाऱ्या तिघांची नावं आधी, आपलं नंतर.