अडुळशाच्या पानांचा ‘अर्क’ की आणखी काही?

रानवाटा: भाचीच्या एमएस्सीच्या प्रकल्पाचा मराठी गोषवारा लिहून देतोय. अडुळशाची पानं सावलीत वाळवली, भुकटी करून मेथॅनॉलमध्ये भिजत घातली, गाळली, मेथॅनॉल उडवून लावलं. तळाला काळपट हिरवा चिकटा उरला. त्याला मी ‘अर्क’ लिहिलं. ओळखीच्या वैद्यांनी ते खोडलं: अर्क म्हणजे ऊर्ध्वपातन करून नळीतून पडलेला. मग ह्याला म्हणायचं काय? आणि ‘अँटिऑक्सिडंट ॲक्टिव्हिटी’ला?

खलबत्ता: वैद्यांचं बरोबर आहे. शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट अशा पाच कल्पना (औषध करायच्या पद्धती) आहेत, अर्क त्या पाचांत नाही. ओव्याचा अर्क भट्टी लावून काढतात. भिजवून गाळलं तर हिम, पण तो पाण्यातला.

जुना_मास्तर: रसायनशास्त्रात एक्स्ट्रॅक्शनला ‘निष्कर्षण’ हा शब्द आहे. त्यावरून ‘निष्कर्ष’ लिहा.

रानवाटा: शेवटच्या परिच्छेदाचं शीर्षकच ‘निष्कर्ष’ आहे हो. निष्कर्षाचे निष्कर्ष?

जुना_मास्तर: मग ‘निष्कर्षित’. दुसऱ्याला ‘ऑक्सिडीकरणरोधी क्रिया’. ऑक्सिडीकरण आणि क्षपण दहावीच्या पोरालाही कळतं.

किरमिजी: मी लॅबमध्ये हेच करते. आमच्यात ‘डीपीपीएच लावलास का?’ एवढंच विचारतात; डीपीपीएच हे या चाचणीचं रसायन. गडद जांभळं द्रावण, त्यात एक्स्ट्रॅक्ट, अर्धा तास अंधारात, मग ५१७ नॅनोमीटरला रीडिंग. जांभळा उतरून पिवळ्यावर आला की पानात दम आहे. पानाचा स्वतःचा हिरवा रंग मात्र वेगळा ब्लँक (डीपीपीएच न घातलेली नळी) लावून वजा करायचा, नाहीतर आकडा फसवतो. आणि ‘क्रिया’ नको, ‘क्षमता’ लिहा. हे सगळं नळीत घडतंय. वाचणाऱ्याला वाटायचं, पानं चघळली की म्हातारपण लांबलं.

जुना_मास्तर: ‘एक्स्ट्रॅक्ट’, ‘ब्लँक’, ‘रीडिंग’. मराठी कुठे आहे यात?

किरमिजी: क्रियापदांत आहे की. ‘फ्री रॅडिकल’ला (सुटा इलेक्ट्रॉन असलेला अस्थिर कण) तुम्ही ‘मुक्त मूलक’ म्हणाल, ते वाचून पोरांना आम्लधर्मी मूलक, आम्लारिधर्मी मूलक आठवतात आणि ती भलत्याच गावाला जातात. ‘फ्री रॅडिकल’ लिहा. रानवाटा, आणखी एक: आयसी ५० चा (फ्री रॅडिकल निम्मे करायला लागणाऱ्या मात्रेचा) आकडा जितका कमी, तितकं पान तगडं. अनुवादात हे हटकून उलटं होतं. शेजारी व्हिटॅमिन सीचा आकडा असेलच, तो ताडून पाहा.

चिमूटभर: तेल खवट होतं तेही ऑक्सिडीकरणच ना? मग ‘खवटरोधी’ का नको? घरोघरचा शब्द आहे.

खलबत्ता: सासरेबुवांना देऊन बघतो, लागू पडलं तर कळवतो.

पणजीकार: अर्काबद्दल बोला. मुळात अरबी ‘अरक’, म्हणजे घाम. भट्टीच्या झाकणाला आतून थेंब सुटतात, तो घाम. आमचा हुर्राक, काजूच्या बोंडांची दारू, त्याच घराण्यातला.

जुना_मास्तर: अरबीत कशाला जायचं? अर्क म्हणजे सूर्य. संस्कृत.

खलबत्ता: अर्क म्हणजे रुईसुद्धा. मारुतीला वाहतो ती. उद्या कुणी रुईच्या पानांवर प्रकल्प केला तर ‘अर्काचा अर्क’. आमची आजी वांड पोराला ‘अर्क आहे नुसता’ म्हणायची. तिथे सूर्य, रुई की घाम?

चिमूटभर: सार या अर्थाने म्हणत असतील. वांडपणाचं सार.

किरमिजी: म्हणजे भट्टीशिवायचा अर्क आजीने कधीच मान्य केला होता! ‘मेथॅनॉलमधील अर्क’ लिहून मोकळे व्हा. दुकानात कोरफडीचा अर्क मिळतो, तो कुठे नळीतून आलेला असतो?

खलबत्ता: दुकानदार काहीही लिहितील. उद्या काढ्यालाही अर्क म्हणाल.

रानवाटा: तूर्त ‘मेथॅनॉलमधील अर्क’ आणि ‘ऑक्सिडीकरणरोधी क्षमता’ लिहून पाठवतोय. वैद्यांना अजून दाखवलेलं नाही.

जुना_मास्तर: पहिलं चूक, दुसरं ठीक.

किरमिजी: उलट.

चिमूटभर: पणजीकार, हुर्राक की उर्राक? मी दोन्ही ऐकलंय.

पणजीकार: मार्च-एप्रिलात या, मग सांगतो. पहिल्या धारेचा असतो तो, फेणी पुढची. आमच्या घरात मात्र ‘हु’च.