पायक्यूटी: सबक्लासमध्ये बेस क्लासचे इनिट बोलावणे

प्रश्न
पायक्यूटीमध्ये (खिडक्या बनवण्याची क्यूटी ही सी प्लस प्लसमधली लायब्ररी पायथनमधून वापरण्याचे साधन) क्यूविजेट या बेस, म्हणजे मूळ, क्लासवर आधारलेला सबक्लास करून त्याच्या इनिटमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या मेथडमध्ये) मी फक्त स्वतःची दोन-तीन व्हेरिएबल्स ठेवली आहेत. ऑब्जेक्ट विनातक्रार तयार होतो. मात्र पुढच्याच ओळीत खिडकीला शीर्षक द्यायला गेलो की रनटाइमएरर येते आणि बेस क्लासचे इनिट बोलावलेच गेले नाही, असे सांगते. सी प्लस प्लसमध्ये असा कॉल मला कधी हाताने लिहावा लागला नव्हता. ऑब्जेक्ट तयार झाला असेल, तर अडते कुठे?

उत्तर १
तयार झाला आहे तो अर्धाच. पायथनच्या बाजूचा ऑब्जेक्ट इनिटच्या आधी, 'न्यू' या ऑब्जेक्ट निर्माण करणाऱ्या मेथडच्या टप्प्यातच अस्तित्वात येतो, म्हणून त्यावर व्हेरिएबल्स ठेवता आली. क्यूटीचा सी प्लस प्लस ऑब्जेक्ट मात्र बेस क्लासचे इनिट चालते तेव्हाच बांधला जातो. बेस कन्स्ट्रक्टरचा (इनिटसारखेच काम करणाऱ्या फंक्शनचा) कॉल सी प्लस प्लसमध्ये कंपायलर आपणहून घालतो. पायथनमध्ये तुम्ही स्वतःचे इनिट लिहिले की ते बेसच्या इनिटला झाकते आणि 'सुपर'मार्फत (बेस क्लासच्या मेथडपर्यंत नेणाऱ्या कॉलमार्फत) त्याला बोलावणे तुमच्याकडे येते. (इनिट लिहिलेच नसते, तर बेसचेच चालले असते.) सुपरच्या कॉलमध्ये पेरेंटही (ज्याच्या आत हे विजेट बसायचे ते विजेट) पुढे द्या, नाहीतर विजेट आपल्या जागी न बसता वेगळी खिडकी म्हणून उघडू शकते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, ती एरर गेली. आता सुपरनंतर शीर्षकाची ओळ आणि तिच्याखाली 'मोजणी = ०' आहे; मी सबक्लासमध्ये नव्याने लिहिलेल्या (ओव्हरराइड केलेल्या) चेंजइव्हेंट या मेथडमध्ये 'मोजणी' सापडत नाही, अशी अ‍ॅट्रिब्यूटएरर येते. ती मेथड मी कुठेही बोलावलेली नाही.

उत्तर २
ती क्यूटीने बोलावली. शीर्षक बदलल्याचा इव्हेंट रांगेत न ठेवता तिथल्या तिथे पाठवला जातो, त्यामुळे तुमचे इनिट अर्ध्यावर असतानाच चेंजइव्हेंट चालून जाते. सी प्लस प्लसच्या सवयीमुळे इथे फसगत होते, कारण तिथे बेसचा कन्स्ट्रक्टर चालू असताना व्हर्च्युअल (सबक्लासमध्ये ओव्हरराइड करता येणाऱ्या) मेथडचा कॉल सबक्लासपर्यंत पोहोचत नाही; तुमची शीर्षकाची ओळ मात्र तो कन्स्ट्रक्टर संपल्यानंतरची आहे. निव्वळ पायथनच्या क्लासेसमध्ये तर बेसच्या इनिटमधूनही सबक्लासचीच मेथड चालते. 'सुपर नेहमी पहिल्या ओळीत' हा नियम मला म्हणूनच अपुरा वाटतो: पायक्यूटीमध्ये साधी पायथन व्हेरिएबल्स सुपरच्या आधी ठेवली तरी चालतात, फक्त क्यूटीच्या मेथड्स तिथे बोलावू नयेत. तुमच्या कोडमध्ये 'मोजणी'ची ओळ शीर्षकाच्या वर नेली की काम भागेल.