मदत हवी आहे: रोजची मिस्सा की रात्रीची आराधना? दोन्ही जमत नाही

बावखलकाठ

नमस्कार. इथे आपली कॅथलिक माणसं थोडी आहेत हे माहीत आहे, तरी विचारतो: रोज चर्चमधल्या मिस्सेला (आमची मुख्य उपासना) जावं, की रात्री आराधनेला? ओळखीच्या दोघांना विचारून झालं. एक म्हणाला, "मनाला भावेल ते कर." दुसरा म्हणाला, "मिस्सा चुकवू नकोस." दोघांच्या उत्तरांनी माझं घोडं जिथल्या तिथेच.

मी वसईचा, वय ४२, नोकरी अंधेरीला. गेल्या वर्षी फेब्रुवारीत बाबा गेले. बाबा रोज पहाटेच्या मिस्सेला जायचे, ताप असला तरी. आधी मिस्सा, मग फुलांची टोपली घेऊन दादर. मी मात्र रविवारचा गडी, तोही मागच्या बाकावरचा. त्यांची महिन्याची मिस्सा झाली आणि दुसऱ्या दिवशी सहाला आपोआप जाग आली. गेलो. त्यांच्या जागेवर, खिडकीजवळ बसलो. तेव्हापासून रोज जातोय. सुरुवातीला बाबांसाठी जायचो, हे कबूल करतो. पुढे कधीतरी ते माझं स्वतःचं झालं. एखाद्या दिवशी मिस्सेत मिळणारा ख्रिस्तप्रसाद घेतला नाही तर दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

जूनपासून घडी बिघडली. ऑफिसची वेळ अलीकडे आली, मुलीची शाळेची बस पावणेसातला, धाकटा तीन वर्षांचा. मी मिस्सेहून येईपर्यंत बायको चार डबे, दोन आंघोळी आणि एक रडारड उरकून स्वतः कामावर जायच्या तयारीत असते. परवा ती अजिबात न चिडता म्हणाली, "तुझी मिस्सा माझ्या डब्यांवर चालते." चिडली असती तर बरं झालं असतं. हे वाक्य डोक्यातून जात नाही.

दुसरा मार्ग आहे. घरापासून स्कूटरवर पाच मिनिटांवर सिस्टरांच्या कॉन्व्हेंटचं चॅपल आहे. तिथे रात्री दहापर्यंत पवित्र साक्रामेंताची (ख्रिस्तप्रसादाची) आराधना असते. मुलं नऊला झोपतात. अर्धा तास बसून आलो तर कुणाचं काही अडत नाही.

पण मन मानत नाही. माझी आजी म्हणायची, मिस्सा सोडून नुसती आराधना म्हणजे पंगतीला जाऊन ताटाकडे बघत बसणं. ही तीच आजी जी १९६४ साली पोप पॉल सहावे मुंबईला युखरिस्त परिषदेला (ख्रिस्तप्रसादावरच्या जागतिक मेळाव्याला) आले तेव्हा नऊ वर्षांच्या बाबांना कडेवर-खांद्यावर घेत ओव्हल मैदानात गेली होती. तिचं बोलणं सहज उडवून लावता येत नाही.

आणखी एक, जरा लाजेचं. मिस्सेत माझं अर्धं लक्ष घड्याळात असतं, प्रवचन लांबलं की पोटात गोळा येतो. चॅपलमध्ये मन शांत होतं खरं, पण दहाव्या मिनिटाला मी पेंगतो. म्हणजे एकीकडे जागा असून हजर नाही, दुसरीकडे हजर असून जागा नाही. काय करू?

उंबरठा

मी हिंदू आहे, त्यामुळे सल्ला देणार नाही, पण धागा आवडला. एक विचारू का? आराधना म्हणजे नेमकं काय करता? मिस्सा म्हणजे प्रसाद आणि आराधना म्हणजे दर्शन, असं काही आहे का?

बावखलकाठ

विचारा की. मिस्सेत फादर भाकर आणि द्राक्षारस अर्पण करतात. ते ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात ही आमची श्रद्धा. ते प्रतीक आहे असं आम्ही म्हणत नाही, ख्रिस्त स्वतः तिथे आहे असं मानतो. मिस्सेत ते ग्रहण करतो. उरलेलं टॅबरनॅकलमध्ये (चर्चमधल्या बंद पेटीत) ठेवतात, आजाऱ्यांना नेऊन देण्यासाठी. आराधनेच्या वेळी त्यातली एक मोठी भाकर, पापडाहून पातळ आणि पांढरी, सोनेरी किरणांच्या पात्रात आल्तारावर (वेदीवर) ठेवतात. मग समोर बसायचं. जपमाळ करा, बायबल वाचा, नाहीतर गप्प राहा. दर्शन म्हणालात ते बरंच जवळ जातं. फक्त 'प्रसाद' शब्दाने थोडी गल्लत होते. आम्हीही ख्रिस्तप्रसाद म्हणतो, पण तो देवाला दाखवून परत आलेला पदार्थ नसतो.

माजी_सेमिनरीकर

चार वर्षं सेमिनरीत (फादर घडवणाऱ्या शाळेत) होतो, मग बाहेर पडलो, लग्न केलं. त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडं कळतं. जरा लांब लिहितो.

पहिलं नियमाचं, म्हणजे ते एकदाचं बाजूला पडेल. सक्ती रविवारची आणि ठरावीक सणांची आहे, कॅनन लॉचं (चर्चच्या कायद्याचं) कलम १२४७. सोमवार ते शनिवार मिस्सा चुकली तर पाप नाही. पापनिवेदनात सांगायलाही जाऊ नका, रांगेतले मागचे लोक खोळंबतात.

आता तुमच्या आजीकडे येतो, कारण त्या जे म्हणाल्या त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. मध्ययुगात युरोपातल्या सामान्य माणसाने कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) घेणं जवळजवळ सोडून दिलं होतं. आपण अपात्र आहोत, ही भीती. इतकं की १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेला नियम करावा लागला, वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या सुमारास घ्याच. पण माणसाची भूक कुठे जाते? त्याच सुमारास फादर भाकर डोक्यावर उंच धरू लागले आणि ती बघण्यासाठी लोक धडपडू लागले. तोंडाने घेता येत नाही, तर डोळ्यांनी घेऊ. १२६४ साली पोप चौथे अर्बन यांनी ख्रिस्तशरीराचा सण सगळ्या चर्चला लावून दिला, पुढे त्या सणाच्या मिरवणुका निघू लागल्या. आराधनेचं हे सगळं वैभव खरं, पण त्यात उपाशी माणसाचं ताटाकडे बघणंही मिसळलेलं होतं. आजी चुकल्या नव्हत्या.

ही भीती मोडायला विसावं शतक उजाडलं. डिसेंबर १९०५ मध्ये पोप दहावे पायस यांच्या काळात फर्मान निघालं, की ज्याच्यावर गंभीर पापाचं ओझं नाही आणि ज्याचा हेतू नीट आहे त्याने रोज कम्युनियन घ्यावं, कुणी अडवू नये. तुमच्या बाबांची रोजची मिस्सा आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची वाटते, पण तिचा रस्ता तेव्हा मोकळा झाला. त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, लोक बाकावर जपमाळ करत बसायचे.

तेव्हा 'मोठी कोण' याचं उत्तर सरळ आहे. मिस्सा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) तिला ख्रिस्ती जीवनाचा उगम आणि शिखर म्हटलं. आराधना तिच्यातूनच निघते, मिस्साच झाली नाही तर समोर ठेवायला भाकर कुठून येणार? म्हणून तर ज्या चर्चमध्ये मिस्सा चालू आहे तिथे त्याच जागी त्या वेळी आराधना ठेवता येत नाही (कलम ९४१).

पण आता दुसरी बाजू. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये संत ऑगस्टीनचं एक जुनं वचन पुन्हा पुढे आणलं. त्याचा आशय असा, की आधी आराधना केल्याशिवाय ते शरीर कुणी खात नाही, आराधना केली नाही तर उलट आपणच पाप करू. म्हणजे नुसतं ताटाकडे बघणं जसं अपुरं, तसं ताटाकडे न बघता भराभर जेवून उठणंही अपुरं. सकाळी मिस्सेत घड्याळ बघणारे तुम्ही (आणि मी) त्या दुसऱ्या पंगतीतले.

आणि पेंगण्याचं मनावर घेऊ नका. लिझ्यूची संत तेरेजा प्रार्थनेत झोपायची, तिने स्वतः लिहून ठेवलंय. लेकरं झोपलेली असली तरी आईबापांना प्रियच असतात, असा तिचा हिशेब. ती आता चर्चची आचार्य आहे!

ठाम_मत

एवढा इतिहास कशाला? मिस्सेला पर्याय नाही. मदर तेरेसांच्या सिस्टर १९७३ पासून रोज एक तास आराधना करतात, पण रोजची मिस्सा सोडून नाही, मिस्सेच्या शिवाय वेगळा तास. कार्लो अक्युटिस, जो सप्टेंबर २०२५ मध्ये संत झाला, पंधराव्या वर्षी गेला, तोही रोज मिस्सा आणि आराधना दोन्ही करायचा. इच्छा असली की वेळ निघतो. बायकोला समजवा.

इंजिनरूम

वरच्या साहेबांना नम्रपणे: मदर तेरेसांच्या सिस्टरांना सकाळी पावणेसातची शाळेची बस नसते आणि कार्लोला डबे करायचे नव्हते.

मी जहाजावर आहे, मूळ गाव पालघर जिल्ह्यातच. कॉन्ट्रॅक्ट सहा-सहा महिन्यांचं. त्यात मिस्सा मिळाली तर एखाद्या बंदरात, तिथला चॅप्लिन (खलाशांसाठीचा फादर) जहाजावर चढला तर. टॅबरनॅकल नाही, आराधना नाही. सुरुवातीला वेड लागायची पाळी आली. मग आईने फोनवर आध्यात्मिक कम्युनियनची प्रार्थना पाठवली, संत आल्फोन्सची. आठवत असेल, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये यूट्यूबवर मिस्सा बघताना सगळे म्हणायचे तीच. "आत्ता तुला घेता येत नाही, तरी मनाने तरी ये" अशा अर्थाची. बाकीचे चहाला जातात तेव्हा मी ती म्हणतो, पंपाच्या आवाजात. त्या दिवसाची वाचनं फोनवर उतरवून ठेवलेली असतात.

तुम्ही अंधेरीपर्यंत रोज लोकलमध्ये असता ना? उभ्याने का होईना, शुभवर्तमान वाचून होतं. घरच्या मिस्सेत वाचलं जाणारं तेच.

निवृत्त_नर्स

अरे बाबा, सगळं वाचलं. ३४ वर्षं नर्स होते, रात्रपाळ्या केल्या, तीन पोरं वाढवली. माझी मिस्सा कित्येकदा वॉर्डमधून चर्चची घंटा ऐकण्यापुरती होती. तेव्हा एका म्हाताऱ्या फादरनी मला सांगितलं होतं, की तुझ्या संसाराचं आणि कामाचं कर्तव्य टाकून केलेली भक्ती देवाला सांगून बघ, तो तुला परत पाठवेल. कडक होते, पण खरं बोलले.

आराधनेला जा, त्यात कमीपणा काही नाही. शनिवारी सुट्टी असेल तर मिस्सा धर. पण माझा प्रश्न वेगळाच आहे. तुझ्या एवढ्या लांब पत्रात तू बाबांचं लिहिलंस, आजीचं लिहिलंस, स्वतःच्या झोपेचंही लिहिलंस. तुझी बायको रोजच्या मिस्सेला जायची का रे? तिला जायचं असतं का? विचारलंयस कधी?

बावखलकाठ

सिस्टर, तुमचं उत्तर वाचून फोन खाली ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

माजी_सेमिनरीकर

नर्सबाई थेट शिरेवर गेल्या.

बावखलकाठ

दहा दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार, ठाम_मत यांचेही, कारण तुमचं "बायकोला समजवा" वाचूनच मला स्वतःची लाज वाटायला लागली होती.

विचारलं. रात्री, मुलं झोपल्यावर. ती आधी हसली. मग म्हणाली, लग्नाआधी ती माहेरी रोज जायची, वाचनंही करायची, आणि मुलगी झाल्यापासून आठवड्याच्या मधल्या दिवशी एकदाही मिस्सेला गेलेली नाही. मुलगी आता आठ वर्षांची आहे. मला हे माहीत नव्हतं. म्हणजे दिसत होतं, पण कळलं नव्हतं. ती म्हणाली, "तू बाबांसाठी जात होतास, त्यात मी काय बोलणार?"

सध्या असं ठरलंय. बुधवार आणि शुक्रवार पहाटे ती मिस्सेला, मी घरी. शनिवारी मी मिस्सेला, बाबांच्या जागेवर. सोमवारी आणि गुरुवारी रात्री मी चॅपलमध्ये. गुरुवारी नऊ ते साडेनऊ माझं नाव वहीत लिहून आलो, कारण साक्रामेंत बाहेर ठेवलेलं असताना कुणीतरी तिथे हवंच, एकटं सोडता येत नाही. आता पेंगून चालणार नाही. सिस्टर म्हणाल्या, पेंगलात तर खोकून जागं करू. लोकलमध्ये शुभवर्तमान वाचतो, भाईंदरपर्यंत होतं. आजीच्या ताटाचं अजून डोक्यात आहे. शनिवारी भूक जास्त लागते, एवढं नक्की.

पहिल्या बुधवारी ती गेली तेव्हा अजून अंधार होता. परत आली तर चेहरा वेगळाच दिसत होता, मी काही विचारलं नाही. विचारायला सवड पण नव्हती. पोळ्या एका बाजूने काळ्या, धाकट्याचा एक बूट सापडेना, आणि भेंडीची भाजी अशी चिकट झाली की डब्यातून बाहेर निघेना. मुलीने संध्याकाळी डबा तसाच परत आणला. आता खरी मदत इथे हवी आहे. उद्या शुक्रवार, घरात पुन्हा भेंडीच आहे. चिकटपणा कसा घालवायचा?

उंबरठा

अखेर माझ्या विषयाचा प्रश्न आला! भेंडी रात्रीच धुऊन, फडक्याने कोरडी पुसून ठेवा. चिरल्यावर पाणी लावायचं नाही. कढईवर झाकण नको, मीठ अगदी शेवटी, आणि परतताना दोन आमसुलं टाका. सहाच्या आत गॅस पेटवा म्हणजे बस चुकणार नाही.

निवृत्त_नर्स

आणि पोळीला तवा इतका तापवू नकोस.