सत्तर-तीस, डोमिसाईल, होम युनिव्हर्सिटी : तुमच्या अ‍ॅडमिशनचा अनुभव लिहा

मेडिकलचा सत्तर-तीस फॉर्म्युला (सत्तर टक्के जागा विभागातल्या मुलांना, तीस टक्के सगळ्या राज्याला) सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला, तेव्हा लातूर-नांदेडकडे आनंद होता आणि बाकी बऱ्याच ठिकाणी नाराजी. अजूनही नीट परीक्षेचा निकाल लागला की कुठल्या भागातल्या पोरांवर अन्याय होतो यावरून वाद सुरू होतो. म्हणून ज्यांची सीट अशा नियमामुळे मिळाली किंवा गेली त्यांनीच लिहा, जुन्या बॅचवाल्यांनी तर नक्की. जातीच्या आरक्षणाची चर्चा इथे नको प्लीज, फक्त प्रदेशाबद्दल बोलू.

पालक, नांदेड
मोठी लेक जुन्या नियमातली. सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या पोरांना आणि तीस टक्के सगळ्या राज्याला, ऐकायला किती बरोबर वाटतं, पण तेव्हा कॉलेजं मराठवाड्यात ६, विदर्भात ९ अन् उर्वरित महाराष्ट्रात २६. सहा कॉलेजांचे सत्तर टक्के म्हणजे किती जागा, सांगा! तिच्यापेक्षा कमी मार्कवाल्यांना तिकडं सरकारी एमबीबीएस मिळालं अन् ती बीडीएसला (दातांच्या डॉक्टरकीला) गेली, घरात दोन दिवस कुणी जेवलं नाही. त्यात विभाग ठरायचा बारावी कुठून केली त्यावर. ज्यांना हे माहीत होतं अन् खिशात पैसा होता त्यांनी पोरं अकरावीलाच पुण्याला ठेवली, बारावी तिकडची झाली की पोरगं उर्वरित महाराष्ट्राचं. गरिबाचं पोरगं गावातच शिकलं म्हणून मागं राहिलं, हे मला आजही पटत नाही. धाकट्याच्या वेळी नियम नव्हता, त्याला मार्कांप्रमाणं मिळालं.

डॉक्टर, यवतमाळ
मी सत्तर-तीसमध्येच लागलो आणि तो नियम जायला नको होता असं माझं स्पष्ट मत आहे. मराठवाड्याची तक्रार खरी होती, पण त्यावर उपाय तिकडे कॉलेजं वाढवणं हा होता आणि ती नंतर वाढलीच की, धाराशिव, परभणी, मग २०२४ ला जालना, हिंगोली. आमच्या बॅचमधले लांबून आलेले बहुतेक जण इंटर्नशिप संपताच गेले, आज इथल्या तालुक्यात प्रॅक्टिस करतात ते इथलेच. पीजीला (एमबीबीएसनंतरच्या शिक्षणाला) तर सुप्रीम कोर्टाने २९ जानेवारी २०२५ ला डोमिसाईल आरक्षण, म्हणजे राज्याच्या रहिवाशांसाठी राखीव जागा, घटनाबाह्य ठरवलं, एमबीबीएसला मात्र काही प्रमाणात चालतं असं त्याच निकालात आहे.

सिंधुदुर्ग
आमचा कोणी विचारच करत नाही. सत्तर-तीसमध्ये कागदावर आम्ही "उर्वरित महाराष्ट्र" होतो, म्हणजे मुंबई-पुण्याच्या क्लासवाल्या मुलांबरोबर एकाच रांगेत. २६ कॉलेजं म्हणता, पण सिंधुदुर्गात सरकारी कॉलेज आलं २०२१ ला आणि रत्नागिरीत २०२३ ला. मागास भाग ठरवायचा तर जिल्हा किंवा तालुका बघा ना, एवढा मोठा विभाग कशाला?

पालक, सध्या कोटा (राजस्थान)
दहावी महाराष्ट्रातली, सात पिढ्या तिथल्या, डोमिसाईल हातात, तरी मुलगा राज्य कोट्यात बसला नाही कारण बारावी राजस्थानातून. इंजिनिअरिंगला डोमिसाईलवर टाईप बी या उमेदवार गटात फॉर्म भरता येतो, मेडिकलला दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातलीच लागते, आणि सूट आहे ती ठराविक सरकारी नोकरांच्या मुलांना. शेवटी ऑल इंडियाच्या, म्हणजे देशभरातल्या मुलांसाठीच्या, १५ टक्के जागांवर सगळी आशा. अकरावीलाच हे सांगणारं कुणीतरी हवं होतं, क्लासवाले फी घेताना काही बोलले नाहीत.

इंजिनिअर, अमरावती
माझ्या वेळी होम युनिव्हर्सिटीला, म्हणजे आपल्याच विद्यापीठाच्या भागातल्या मुलांना, सत्तर टक्के जागा होत्या म्हणून घराजवळचं कॉलेज मिळालं, हॉस्टेलचा खर्च वाचला, नाहीतर बाबांनी शिकवलंच नसतं.

निपाणी
आम्ही तर दोन्हीकडचे पाहुणे. कर्नाटकात मराठी म्हणून अन् महाराष्ट्रात बाहेरचे म्हणून. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात थोड्या जागा राखीव असतात, इंजिनिअरिंगला त्या गटाला टाईप ई म्हणतात. बहिणीचं अ‍ॅडमिशन त्यातूनच झालं, पण मातृभाषा मराठी असल्याच्या दाखल्यासाठी इतक्या चकरा झाल्या की फॉर्मची तारीख जायची वेळ आली. जागा ठेवल्यात हे आमच्या गावातल्या निम्म्या घरांना माहीतच नाही.

धागाकर्ता
निपाणीवाले, तो दाखला शेवटी कुणाच्या सहीने चालला आणि सोबत काय काय जोडलं ते सविस्तर लिहाल का? सध्या फॉर्म भरणारी सीमाभागातली मुलं वाचत असतील. आणि गडचिरोली, नंदुरबारकडचं कोणी असेल तर जरूर लिहा, तिकडून अजून एकही अनुभव आलेला नाही.